मक्केचे तांडे, बद्रची विहीर आणि वाटणीचा हिशेब

हिशेबनीस (धागाकर्ता)

इस्लामच्या सुरुवातीच्या लढायांचा विषय निघाला की चर्चा तलवार आणि श्रद्धा यांच्यातच फिरत राहते. पाणी, चारा, ओझं, मुद्दल, वाटणी यांच्याकडे कुणी वळत नाही. या धाग्यात तेवढंच बोलू या. धर्मचर्चेला दुसरे धागे आहेत.

मक्केच्या खोऱ्यात पीक येत नाही. धान्य यमामा (मध्य अरबस्तान) आणि शामकडून (आजचा सीरिया-जॉर्डन-पॅलेस्टाइन पट्टा), मनुका आणि कातडी ताइफहून. म्हणजे तांडा थांबला की चूल थांबली. कुरैश, म्हणजे मक्केची व्यापारी टोळी, वर्षाला दोन मोठे तांडे काढत, हिवाळ्यात यमनकडे आणि उन्हाळ्यात शामकडे. कुराणाच्या १०६व्या सूरेत या दोन्ही फेऱ्यांचा उल्लेख आहे.

ओझ्याचा उंट साधारण १५० ते १८० किलो घेऊन दिवसाला ३०-३५ किलोमीटर चालतो. मक्का ते दमास्कस तेराशे किलोमीटरच्या वर. मुक्काम आणि विश्रांती धरून एका बाजूला दीड महिना. वाटेतली प्रत्येक विहीर कुठल्या ना कुठल्या टोळीची. यावर कुरैशांचा तोडगा होता 'ईलाफ', म्हणजे टोळ्यांशी केलेले करार. ते सुरू केले प्रेषित मुहम्मद यांचे पणजोबा हाशिम यांनी, असं परंपरा सांगते. अट अशी की टोळीचा माल कुरैश आपल्या तांड्यातून शामला नेतील, वाहतुकीचं काही घेणार नाहीत, मुद्दल आणि नफा दोन्ही परत आणून देतील. बदल्यात टोळीने वाट आणि पाणी द्यायचं.

या कराराची ताकद आकड्यातच दिसते. ६२४ साली शामहून परतणाऱ्या कुरैश म्होरक्या अबू सुफियानच्या तांड्यात १००० उंट होते आणि सोबत माणसं इब्न इसहाकच्या मते ३०-४०, वाकिदीच्या मते ७० (दोघेही मुहम्मदांच्या मोहिमांचे जुने इतिहासकार). एवढ्या माणसांत हजार उंटांवर ओझं चढवणं-उतरवणंच जेमतेम होईल, राखण कुठली? राखण करारच करायचे.

६२२ मध्ये कुरैशांशी बिनसल्यावर मुहम्मद मक्का सोडून मदीनेला आले. मदीना या वाटेच्या अंगालाच. पुढच्या दीड-दोन वर्षांत कुरैशांच्या तांड्यांवर काढलेल्या मोहिमांत रक्त जवळपास सांडलंच नाही, म्हणून अभ्यासक त्यांना 'अयशस्वी छापे' म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही. त्याच फेऱ्यांत बनू दमरा आणि बनू मुदलिज या टोळ्यांशी तह झाले. जुहैना टोळीचा मज्दी इब्न अम्र पाहा. ६२३ मध्ये समुद्रकाठी मुहम्मदांचे काका हमजा यांचे ३० स्वार आणि कुरैश सरदार अबू जहलचे ३०० समोरासमोर आले, तेव्हा हा मधे पडला आणि लढाई टळली, कारण त्याचा तह दोन्ही बाजूंशी होता. कुरैशांच्या दृष्टीने घात इथेच झाला. कालपर्यंत फक्त त्यांचा असलेला माणूस आता दोघांचा होता.

बद्र हे वाटेवरचं पाण्याचं आणि वार्षिक बाजाराचं ठिकाण. मदीनेहून दीडशे किलोमीटरच्या आसपास. तांडा जवळ आल्यावर अबू सुफियान एकटा पुढे गेला आणि त्याच मज्दीला विचारलं, कुणी अनोळखी दिसलं का? दोन स्वार टेकडीपाशी थांबले, पखाल भरली आणि गेले, एवढंच तो म्हणाला. अबू सुफियान त्या जागी गेला, उंटांच्या लेंड्या उचलून फोडल्या. आत खजुराच्या बिया. "हा यस्रिबचा चारा आहे." (यस्रिब म्हणजे मदीना.) रानातल्या झुडपांवर चरणाऱ्या उंटाच्या लेंडीत बी सापडत नाही, खजुराच्या बिया खायला घालतात त्या वस्तीतल्या उंटांना. त्याने बद्र डावीकडे टाकलं, किनाऱ्याची वाट धरली आणि मुक्काम न करता तांडा काढून नेला.

तोवर त्याचा निरोप मक्केला पोचून साडेनऊशे-हजारांची फौज निघाली होती. तांडा सुखरूप आहे असा दुसरा निरोप वाटेतल्या जुहफाला आला, तेव्हा बनू झुहरा घराणं तिथूनच माघारी गेलं. माल वाचला, आता लढायचं कशाला? अबू जहल मात्र अडला: बद्रला तीन दिवस राहू, उंट कापू, मद्य पिऊ, अरबांना कळू दे. याला नुसती घमेंड म्हणतात. मला त्यात धंद्याचा विचारही दिसतो. ज्याच्या नावाचा दरारा गेला त्याला कुठली टोळी फुकट वाट देईल?

रानवाट

छान सुरुवात. बद्रच्याच दोन गोष्टी जोडतो.

पहिली, फौज मोजण्याची. मदीनेच्या लोकांनी कुरैशांचे दोन पाणके पकडले. फौज किती, हे त्यांना सांगता येईना. मग प्रश्न बदलला: रोज उंट किती कापता? "एक दिवस नऊ, एक दिवस दहा." मुहम्मद म्हणाले, म्हणजे ९०० ते १००० माणसं. एक उंट शंभर माणसांना, हे मोजमाप. इकडे मदीनेच्या बाजूला तीनशेच्या वर माणसं, ७० उंट, २ घोडे. एका उंटावर तीन-चार जण पाळीपाळीने बसत. त्यांना रोज उंट कापणं परवडलंच नसतं, कापला तर चालायचं कशावर?

दुसरी गोष्ट विहिरींची. मुक्काम आधी वेगळ्या जागी पडला होता. हुबाब इब्न मुंजिर यांनी सुचवलं की शत्रूला सगळ्यात जवळ असलेल्या पाण्यापर्यंत पुढे सरकू, पलीकडच्या विहिरी बुजवू, आपल्या विहिरीला हौद बांधून भरून ठेवू. हौद का? विहिरीतून पोहरा ओढायला वेळ लागतो आणि ऐन लढाईत काठावर गर्दी झाली की माणसं तिथेच मारली जातात. हौदातून पखाल बुडवली की झालं.

चिकित्सक

धागा वाचनीय, पण आकड्यांवर एवढा भार नको. इब्न इसहाक वारले ७६७ च्या सुमारास, वाकिदी ८२३ मध्ये. घटना ६२४ ची.

तांड्याची किंमत ५०,००० दिनार सांगतात. तेव्हा चालणारं रोमी (बायझंटाइन) नाणं साडेचार ग्रॅमचं, म्हणजे सव्वादोनशे किलो सोनं. हजार उंटांवर वाटलं तर उंटामागे ५० दिनार, सव्वादोनशे ग्रॅम. १००० आणि ५०,००० दोन्ही कसे गोल गोल आहेत ते बघा.

शिवाय मक्का म्हणजे मसाल्यांची आणि धूपाची पेठ, हे जुनं चित्र १९८७ मध्ये पॅट्रिशिया क्रोन यांनी पार मोडीत काढलं. अरबी साधनांत कुरैशांचा माल म्हणून पुन्हा पुन्हा येतं ते कातडं, कापड, मनुका, तूप. क्रोन यांनीच पुढे असं सुचवलं की कातड्याचं मोठं गिऱ्हाईक रोमी फौज असावी. तंबू, खोगीर, ढाली, पखाली, सगळ्याला कातडं लागतं. रोम आणि इराण यांचं युद्ध ६०२ ते ६२८ चाललं होतं, हे विसरू नका.

हिशेबनीस

@चिकित्सक, गोल आकड्यांबद्दल सहमत. एकूण बेरीज बाजूला ठेवा, पण आतली रचना पाहा. वाकिदी घराण्यांप्रमाणे वाटे देतो. सर्वात मोठा अबू उहैहाच्या घराण्याचा, ३०,००० दिनारांचा. त्यातलं काही त्यांचं स्वतःचं, काही लोकांचं, निम्म्या नफ्याच्या बोलीवर घेतलेलं. आणि मक्केत ज्याच्याकडे एखादा मिस्काल (सव्वाचार ग्रॅम) सोनं होतं, त्या बाईबाप्याने तेवढंही तांड्यात घातलं होतं. अख्ख्या गावाची भिशीच म्हणा ना. म्हणून निरोप येताच गाव धावलं.

बद्रला कुरैश हरले. पुढे उहुदच्या लढाईच्या (६२५) तयारीचा पैसाही यातूनच. तांड्याचा माल मक्केच्या सभागृहात ठेवला होता. मालकांना मुद्दल परत केलं आणि नफा फौजेसाठी काढला. ३००० माणसं, २०० घोडे, ७०० चिलखतं. बद्रला धरलेल्या कुरैश कैद्यांची खंडणी वेगळी, माणशी १००० ते ४००० दिरहम (चांदीची नाणी), ती मदीनेकडे गेली. ज्यांच्याकडे पैसे नव्हते पण लिहिता येत होतं, त्यांनी मदीनेच्या दहा-दहा मुलांना लिहायला शिकवायचं, अशीही सोय होती.

रानवाट

बद्रनंतर किनाऱ्याची वाट बंद झाल्यावर कुरैशांनी काय केलं, तेही या धाग्यात हवं. कुरैश व्यापारी सफवान इब्न उमय्याची तक्रार अशी: किनाऱ्याचे लोक मदीनेशी मिळालेत, आणि घरी बसलो तर मुद्दल खाऊन संपेल. मग ठरलं, पूर्वेकडून नज्दमधून इराकच्या वाटेने जायचं. ती वाट कुरैशांच्या पायाखालची नव्हती, म्हणून बक्र इब्न वाइल टोळीचा फुरात इब्न हय्यान वाटाड्या घेतला. पाण्याचं काय? थंडी सुरू होत होती, उंटांना पाणी कमी लागेल. योजना चांगलीच होती.

फुटली ती दारूच्या बैठकीत. मदीनेला आलेला एक पाहुणा पिता पिता तांड्याबद्दल बोलून गेला आणि ऐकणाऱ्यातला एक जण उठून थेट मुहम्मदांकडे गेला. जैद इब्न हारिसा १०० स्वार घेऊन निघाले आणि करदा नावाच्या पाण्यावर तांडा गाठला. म्होरके पळाले, माल सापडला, वाटाड्या पकडला गेला. बहुतेक चांदी. किंमत एक लाख दिरहम, मुहम्मदांच्या हाती राहणारा सार्वजनिक पाचवा हिस्सा २०,००० बाजूला, उरलेले ८०,००० शंभर जणांत.

चांदी नेण्यात एक अडचण असते. कातड्याच्या हजार उंटांमधले पाचपन्नास गेले तरी बाकीचे राहतात. चांदीचे थोडे उंट गेले की सगळंच गेलं.

त्रैराशिक

पाचव्या हिश्श्याचा विषय निघालाच आहे तर मदीनेच्या उत्तरेला जिंकलेल्या खैबरची वाटणी (६२८) मांडतो. हे गणित वरवर सोपं दिसतं.

खैबरच्या जमिनीचे ३६ गट केले. १८ गट सार्वजनिक गरजांसाठी राखले, १८ वाटले. प्रत्येक गटात १०० वाटे, एकूण १८००. आता माणसं किती?

एक परंपरा म्हणते १४०० माणसं, त्यांत २०० घोडेस्वार. स्वाराला तीन वाटे (एक त्याचा, दोन घोड्याचे), पायदळाला एक. १२०० + (२०० × ३) = १८००. जुळलं.

दुसरी म्हणते १५०० माणसं, त्यांत ३०० स्वार. स्वाराला दोन वाटे. १२०० + (३०० × २) = १८००. हेही जुळलं!

उत्तर एक, रीती दोन, आणि यावरच इस्लामी न्यायशास्त्रात फूट. अबू हनीफा दोन वाट्यांचे. त्यांचं म्हणणं, जनावराला माणसापेक्षा जास्त कसं द्यायचं? मालिक आणि शाफई तीनचे. गंमत म्हणजे अबू हनीफांचे पट्टशिष्य अबू यूसुफ आणि शैबानी या मुद्द्यावर गुरूला सोडून तीनच्या बाजूला गेले. तीनवाल्यांचा विचार मला जास्त व्यवहारी वाटतो. घोडा दाणा खातो, उंटासारखा झुडपांवर भागत नाही, आणि वाळवंटात त्याचं पाणी दुसऱ्या जनावरावर लादून न्यावं लागतं.

बारगीर

@त्रैराशिक, हे वाचताना आपले शिलेदार-बारगीर आठवले. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, म्हणून त्याला जास्त. बारगिराला घोडा सरकारी पागेतला, म्हणून कमी.

त्रैराशिक

तत्त्व तेच, पण आपल्याकडे तो पगार होता आणि इथे लुटीतला वाटा. लूट नाही तर घोड्याचा खर्च अंगावर. ठरलेली सालीना रक्कम सुरू झाली ती मुहम्मदांनंतरचे दुसरे खलीफा उमर यांच्या दीवानापासून (पगाराच्या नोंदवहीपासून), हिजरी २० (इ.स. ६४१) च्या सुमारास. त्यात बद्रला लढलेल्यांना वर्षाला ५००० दिरहम.

वाटणीत घोटाळा कुठे होतो तेही सांगतो. वाटण्याआधी काही उचललं तर ती चोरी. सवलत फक्त खाण्याला आणि जनावरांच्या चाऱ्याला, तीही तिथल्या तिथे वापरायची. ६३० मध्ये हुनैनच्या लढाईनंतर जिइराना इथे वाटणी चालली होती. सुई-दोरासुद्धा परत करा, असा हुकूम झाला. एक अन्सारी (मदीनेचा मुस्लिम) केसांच्या दोऱ्याचा गुंडा घेऊन आला. माझ्या उंटाच्या खोगिराची गादी शिवायला घेतला होता, म्हणाला. मुहम्मद म्हणाले, यातला माझा हिस्सा तुला दिला. म्हणजे बाकीच्यांचा हिस्सा द्यायचा अधिकार माझा नाही. त्या माणसाने गुंडा टाकून दिला.

पेठकरी

लढाईचं बरंच झालं, थोडं जकातीचं. मराठीत आपण 'जकात नाका' म्हणतो. शब्द अरबीच, पण तिकडे जकात म्हणजे धार्मिक देणं. नाक्यावरच्या वसुलीला शब्द 'उश्र', दहावा हिस्सा.

ही वसुली उमर यांच्या काळात बसली. त्यांचे सुभेदार अबू मूसा अशअरींनी कळवलं की आपले व्यापारी शत्रूच्या मुलखात गेले की तिकडे दहावा हिस्सा घेतात. उमर म्हणाले, मग तुम्हीही घ्या. दर असे पडले: शत्रूच्या मुलखातून आलेल्यांना दहावा, राज्यातल्या बिगरमुस्लिम प्रजेला विसावा, मुस्लिमांना चाळिसावा. २०० दिरहमांच्या आतल्या मालाला माफी.

राबवताना गडबड कशी होते, याचं उदाहरण अबू यूसुफ देतात. तगलिब टोळीचा एक ख्रिस्ती घोडा घेऊन नाक्यावर आला. घोड्याची किंमत धरली २०,०००. नाकेदार जियाद इब्न हुदैर म्हणाला, घोडा मला दे आणि १९,००० घे, नाहीतर घोडा ठेव आणि १००० दे. त्याने १००० भरले. त्याच वर्षी घोडा न विकता परतताना पुन्हा नाका, पुन्हा १०००! तो थेट उमरना जाऊन भेटला. उमर एवढंच म्हणाले, तुझं काम झालं. माणसाला वाटलं, टोलवलं. आता पुन्हा भरावेच लागणार असं समजून नाक्यावर आला, तर पत्र त्याच्या आधी पोचलेलं: एकदा घेतलं की वर्षभर पुन्हा घ्यायचं नाही.

जियादने दिलेला पर्याय बघा. किंमत फुगवून लावली तर त्याच भावाने घोडा आपल्याच गळ्यात पडेल, ही भीती नाकेदाराला राहते.

नाखवा

आता आपला किनारा. अरबी इतिहासकार बलाजुरी (मृत्यू ८९२) लिहितो की उमर यांनी हिजरी १५ (इ.स. ६३६) मध्ये उस्मान इब्न अबिल आस सकफी यांना बहरीन आणि ओमानवर नेमलं. त्यांनी ओमानहून समुद्रमार्गे 'ताना'वर फौज पाठवली. ताना म्हणजे आपलं ठाणं. बऱ्याच ठिकाणी छापलेलं असतं की ठाण्याची स्वारी त्यांचा भाऊ हकम याने केली. बलाजुरीत हकमला पाठवलं ते भडोचला आणि दुसरा भाऊ मुगीरा याला सिंधमधल्या देबल बंदराला.

फौज परतल्यावर उस्माननी कळवलं. उमर यांचं उत्तर: "सकीफच्या भावा, तू किड्याला लाकडावर बसवलंस. ते बुडाले असते तर तेवढीच माणसं मी तुझ्या टोळीतून घेतली असती."

उमर भित्रे होते म्हणून असं लिहिलं, अशी टिंगल वाचली आहे. समुद्राचं गणित न बघता केलेली. या भागातली गलबतं फळ्यांना भोकं पाडून काथ्याने शिवलेली, खिळे नाहीत. अशी होडी वाळूवर आपटली तर लवते, पण पाणी सतत उपसावं लागतं. ऐन पावसाळ्यात कोकण किनारा बंद. यायचं तर नैर्ऋत्येचा जोर ओसरताना, जायचं तर ईशान्येचा वारा सुटल्यावर. हा 'मोसम' शब्दही अरबीच. म्हणजे फौज उतरली आणि बेत फसला तर वारा फिरेपर्यंत परत जाता येत नाही आणि मागून कुमकही येत नाही. वाळवंटात विहीर बुजवली तर दुसरी गाठता येते. इथे दुसरी वाटच नाही.

या किनाऱ्यावर टिकला तो व्यापारच. अरब प्रवासी मसूदी ९१५-१६ मध्ये चौलला (तो 'सैमूर' लिहितो) आला, तेव्हा तिथे सुमारे १०,००० मुस्लिम होते आणि त्यांचा प्रमुख राष्ट्रकूट राजाच्या मान्यतेने काम बघे. ९२६ च्या चिंचणी ताम्रपटात तर संजाण मंडळाचा कारभारीच 'ताजिक' मधुमती आहे. मधुमती म्हणजे मुहम्मद, ताजिक म्हणजे अरब.

चिकित्सक

ताम्रपट मान्य, कारण तो त्याच काळात कोरलेला आहे. माझा आक्षेप सातव्या शतकापुरता. उंट, वाटे, सुई-दोरा हे सगळं अब्बासी काळातल्या (७५० नंतरच्या) लेखकांनी लिहिलेलं. एवढी हिशेबी शिस्त त्यांनी मागे नेऊन चिकटवली नसेल कशावरून?

हिशेबनीस

बद्रसाठी समकालीन कागद मिळणार नाही. पण अवघ्या १९ वर्षांनंतरचा आहे. व्हिएन्नाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात एक पपायरस आहे, इजिप्तच्या हेराक्लिओपोलिस गावचा, हिजरी २२ चा, म्हणजे एप्रिल ६४३. वर ग्रीक, खाली अरबी. अब्दुल्लाह इब्न जाबिर नावाचा सरदार लिहून देतो की त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी अमुक दोघा भावांच्या कारभाऱ्यांकडून मेंढ्या घेतल्या, ५० आणि आणखी १५. कशासाठी, तर त्याच्या जहाजांवरची माणसं, स्वार आणि चिलखती पायदळ यांच्यासाठी. महिना आणि साल दोन्ही घातलेलं, लिहिणाऱ्याचं नाव इब्न हदीद. अरबी अक्षरांवर काही ठिकाणी नुक्तेही (ठिपके) आहेत.

फौज जिंकलेल्या मुलखात मुक्कामाला आहे, मेंढ्या हाणून नेल्या तर अडवणारं कुणी नाही, आणि तरी दोन भाषांत पावती फाडली जाते. कागद उलटला की पाठीवर ग्रीकमध्ये शेरा आहे: या मेंढ्या पहिल्या कर-सालाच्या देण्यापोटी जमा.